प्रशांत महासागराचा वाटसरू

आपल्या कोकणात ज्याला कुपा म्हणतात, त्याचा एक थोरला भाऊबंद प्रशांत महासागरात राहतो. त्याचं नाव ब्लूफिन ट्यूना. हा मासा जन्मतो जपान आणि तैवानजवळच्या कोमट पाण्यात. आधी सूक्ष्म प्लवक खातो, मग छोटे मासे. वर्षा-दोन वर्षांचा झाला की यांतले काही जण चक्क महासागर ओलांडतात आणि सुमारे ८,००० किलोमीटरवर, कॅलिफोर्निया-मेक्सिकोचा किनारा गाठतात!

कशासाठी? पोटासाठी. तिथं खोल समुद्रातलं थंड, सकस पाणी वर येतं. त्यावर तारलीसारखे मासे, माकूल आणि लाल खेकडे पोसले जातात. ट्यूना त्यांच्यावर ताव मारतो. त्याच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्यांची रचना अशी, की शरीराची ऊब बाहेर जात नाही. म्हणून गार पाण्यातही त्याचा वेग टिकतो.

या प्रवासाचा एक पुरावा मात्र मन अस्वस्थ करणारा आहे. मार्च २०११मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांना अपघात झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाजवळ पकडलेल्या १५ ट्यूनांमध्ये किरणोत्सारी सिझियम-१३४ सापडलं. प्रमाण अगदी किरकोळ, खाणाऱ्याला अपाय न करणारं. पण हे सिझियम दर दोन वर्षांनी निम्मं होतं; जुन्या अणुचाचण्यांतलं केव्हाच संपलेलं. म्हणजे ते फुकुशिमाचंच होतं, आणि माशांनी ते अंगातून वाहून आणलं होतं.

काही वर्षं तिकडे पोसल्यावर हे मासे पुन्हा पश्चिमेची वाट धरतात. अंडी घालायला, जिथं जन्मले त्याच बाजूच्या समुद्रात.