कृपासदनाचा अर्थ : ख्रिस्ती विचारातील नियमशास्त्र आणि कृपा



ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा पाहून परतणाऱ्या मराठी माणसाला त्या वास्तूचा शिल्पकार कोण, हे सहसा ठाऊक नसते. जयाजीराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, १८७४ साली उभ्या राहिलेल्या या राजवाड्याची रचना सर मायकेल फिलोज यांची. इटलीतून आलेले हे कॅथलिक घराणे पिढ्यान्‌पिढ्या शिंदे सरकारच्या चाकरीत होते. मराठी दरबार आणि ख्रिस्ती धर्म यांचा शेजार या शहराला नवा नाही. तथापि शेजाऱ्याचे घर बाहेरून ओळखणे निराळे आणि त्याच्या देवघरात काय आहे हे जाणणे निराळे.

त्या देवघरातील एका गोष्टीविषयी सुशिक्षितांतही मोठा गैरसमज आढळतो. ख्रिस्ती धर्म पापाची क्षमा फुकट वाटतो. पश्चात्तापाचा एक शब्द उच्चारला की हिशेब चुकता. मग सदाचाराने वागावे कोणी आणि कशासाठी, असा तो आक्षेप आहे. कर्माचे फळ भोगल्यावाचून सुटका नाही, या विचारात वाढलेल्या मनाला तो स्वाभाविक वाटावा. आक्षेप क्षुल्लक नाही. ख्रिस्ती पंडितांनीही दोन हजार वर्षे याच प्रश्नावर वाद घातलेला आहे. त्याचे उत्तर मराठी समाजातील काही थोर व्यक्तींनी ग्रंथांत शोधले, आणि मग ते जगूनही पाहिले.

प्रथम दोन शब्द. मराठी बायबलमध्ये ‘नियमशास्त्र’ हा शब्द मोशेच्या द्वारा इस्राएल लोकांना मिळालेल्या आज्ञांसाठी योजिलेला आहे. मूळ हिब्रू शब्द ‘तोरा’. त्याचा अर्थ कायदा एवढाच नसून शिकवण, वाट दाखविणे असाही आहे. यहुदी परंपरा या आज्ञांची संख्या ६१३ मानते. देवपूजा, न्यायदान, शेती, अन्न, शौचाशौच, परक्यांशी आणि गरिबांशी वागणूक असे सारे जीवन त्यांनी व्यापिले आहे. धर्मशास्त्र आणि आचार यांची परंपरा असलेल्या मराठी घराला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा शब्द ‘कृपा’. योग्यतेवाचून, मागच्या पुण्याईवाचून मिळालेले देणे म्हणजे कृपा. या दोहोंचा संबंध पौलाने आपल्या पत्रांतून मांडला. पौल स्वतः परूशी, म्हणजे नियमशास्त्राचा कडवा उपासक. नियमशास्त्र वाईट आहे असे तो कोठेही म्हणत नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की शास्त्र दोष दाखविते, पण दोष दूर करण्याचे बळ देत नाही. वैद्याने नाडी पाहून रोगाचे नाव सांगितले म्हणजे रोगी बरा होत नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने आणखी एक दृष्टान्त योजिला आहे. ग्रीक-रोमन घरांत मुलावर लक्ष ठेवून त्याला शाळेत नेणारा एक दास असे. मूल लहान असेतो त्याचा धाक आवश्यक. मूल वयात आले की त्याचे काम संपले. नियमशास्त्र हा असा बालरक्षक आहे, असे पौल सुचवितो.

कृपेचे मर्म मात्र येशूच्या एका दाखल्यात अधिक स्पष्ट होते. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजुरांच्या चौकात जातो, दिवसाची मजुरी ठरवून माणसे आणतो. पुढे दिवसभरात चार वेळा तो पुन्हा जातो. शेवटचे मजूर तर दिवस मावळायला तासभर उरला असता कामाला लागतात. संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखीच मजुरी पडते आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मालकाने कोणाचाही करार मोडलेला नाही. पहिल्यांना ठरलेले पूर्ण मिळाले. न्यायाची पायरी ओलांडून तो खाली उतरला नाही. ती पाळून वर चढला. नियमशास्त्र आणि कृपा यांचे नाते ख्रिस्ती विचारात असे आहे. कृपा न्याय रद्द करीत नाही. दंड माफ होतो असेही हा विचार म्हणत नाही. तो दंड क्रुसावर दुसऱ्याने सोसला, असे म्हणतो. घेणाऱ्याला जे फुकट आहे, ते देणाऱ्याला फुकट नाही.

हा विचार महाराष्ट्राच्या वाट्याला आला तो शास्त्र्यांच्याच घरांतून. ग्वाल्हेरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या झाशीच्या परिसरात, बुंदेलखंडात, १८२५ साली एका चित्पावन कुटुंबात नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म झाला. काशीत त्यांचे अध्ययन झाले. मिशनऱ्यांचे खंडन करावे म्हणून ते वादाला उतरले आणि अखेर १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘षड्दर्शन दर्पण’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध आहे. पंडिता रमाबाईंच्या शंकांचे निरसन होण्यात याच फादर गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता.

रमाबाईंची कथा नियमशास्त्र आणि कृपा या प्रश्नाचीच कथा आहे. १८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटी जन्मलेल्या या मुलीला घरीच संस्कृत शिकायला मिळाले. कुटुंबाने तीर्थे केली, व्रते केली, पुराणे सांगितली, दाने दिली. आणि दुष्काळात आईवडील व थोरली बहीण अन्नावाचून गेली. १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी त्यांचा गौरव झाला. पुढे धर्मशास्त्रांचे अध्ययन करताना त्यांना जे दिसले, ते त्यांनी १९०७ सालच्या आपल्या निवेदनात नमूद केले आहे. इतर सर्व बाबतींत परस्परांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रीची हीनता आणि तिचा मोक्षाचा अनधिकार एवढ्यावर मात्र एकमताचे होते. त्यांना जाचली ती शास्त्राची कठोरता नव्हे. त्या शास्त्रात स्त्री म्हणून त्यांना उभे राहायलाच जागा नव्हती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅमचे एक आश्रयगृह दाखविले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होत होती. शास्त्राने जिला शिक्षा सांगितली तिची सेवा का करावी, असा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. भर दुपारी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली, परक्या आणि हीन मानलेल्या जमातीची ती स्त्री. येशू तिच्याजवळ प्यायला पाणी मागतो. ज्या समाजात तिच्या भांड्यातले पाणी चालत नव्हते, त्या समाजाचा तो मनुष्य. पाण्याचा विटाळ म्हणजे काय हे जाणणाऱ्या रमाबाईंना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे कथा संपली असती तर ती एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाण्याची कथा ठरली असती. तसे झाले नाही. इंग्लंडमध्ये नवी नियमावली त्यांची वाट पाहत होती. काय खावे, क्रुसावर कोणत्या भाषेत अक्षरे असावीत, कोणती तत्त्वे प्रश्न न विचारता मानावीत, यांवरून भगिनी जेराल्डीन आणि धर्माधिकारी यांच्याशी त्यांचा वाद झाला. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरविले ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी १८८५ सालच्या पत्रव्यवहारात स्पष्ट कळविले. पुढे, बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षे झाल्यावर, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. धर्मांतर, संस्था, सेवा, प्रार्थना हे सारे त्या पुण्यसंचयासारखेच करीत होत्या. नाव बदलले होते, हिशेबवही तीच होती. ती वही मिटल्यावर त्यांना कृपेचा अर्थ उमगला. कृपेचा विरोध कोणत्या एका धर्माच्या शास्त्राशी नसून स्वतःच्या पुण्यावर विसंबणाऱ्या मनाशी असतो, हे या अनुभवातून दिसते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट निराळी. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका अपरिचित युरोपियनाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यांना ओढ लागली ती डोंगरावरील प्रवचनाची, आणि ते प्रवचन तर नियमशास्त्राहून कठोर आहे. शास्त्र हत्येला मना करते. हे प्रवचन रागालाही मना करते. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. भक्तिसंप्रदायाच्या संतांशी, विशेषतः तुकोबांशी, त्यांनी नाते तोडले नाही. त्याच पुलावरून आपण आलो, अशी त्यांची भावना होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त आपले सोवळे कसे गळून पडले ते सांगितले आहे. पती ख्रिस्ती झाल्यावरही त्या आपला आचार सांभाळून होत्या. कोणाच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतःच्या विचाराने त्यांनी जातिभेद टाकला आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेतली जाई, त्या घरात वाढलेल्या मुलीचा हा प्रवास आहे.

मग मनुष्याच्या प्रयत्नाला किंमत काय? पाचव्या शतकात पेलागियसने प्रयत्नावर भर दिला आणि ऑगस्टिनने कृपेवर. १५१७ पासून ल्यूथरने केवळ विश्वासाने मनुष्य नीतिमान ठरतो असे प्रतिपादिले; ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली मनुष्याच्या सहकार्याची बाजू मांडली. चार शतकांहून अधिक काळ चाललेल्या या वादात, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन पंथांनी मूलभूत एकमताचा संयुक्त जाहीरनामा केला. भारतीय वाचकाला हा वाद परका वाटू नये. रामानुजांच्या परंपरेत तो मर्कटन्याय आणि मार्जारन्याय म्हणून प्रसिद्ध आहे. माकडाचे पिलू आईला घट्ट धरून राहते. मांजरीच्या पिलाला आईच उचलून नेते. भक्ताने धरावे की देवाने उचलावे, या प्रश्नावर तेथेही दोन पंथ झाले.

आरंभीच्या आक्षेपाकडे वळावयाचे तर, कृपा मिळते म्हणून पाप करीत राहावे काय, हा प्रश्न पौलाने स्वतःच विचारून ठाम नकार दिला आहे. याकोबाच्या पत्रात कृतीवाचून विश्वास निर्जीव ठरविला आहे. जर्मन धर्मचिंतक बोनहॉफर यांनी १९३७ साली स्वस्त कृपेवर कठोर टीका केली. नाझी राजवटीने १९४५ साली त्यांना फाशी दिले. कृपा सदाचार काढून घेत नाही, सदाचाराची जागा बदलते. पूर्वी तो मोल होता, आता तो कृतज्ञता होतो.

परंतु दुसरा एक आक्षेप अधिक जवळचा आणि अधिक अवघड आहे. १८८९ साली मुंबईत उघडलेले आणि पुढे पुण्यास नेलेले शारदा सदन १८९३ साली वादळात सापडले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन मोडले, असे म्हणून रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. निराधार मुलीला जेथे अन्न आणि छप्पर मिळते तेथेच देवही दाखविला जात असेल, तर तिने केलेला स्वीकार मुक्त म्हणावा काय? रमाबाईंचे म्हणणे होते की त्यांनी सक्ती केली नाही, केवळ आपल्या प्रार्थनेचे दार बंद ठेवले नाही. तरीही प्रश्न उरतो, आणि तो कृपेच्या व्याख्येतूनच निघतो. जे विनामूल्य आहे त्याच्या बदल्यात काही मागता येत नाही, श्रद्धाही नाही. रमाबाईंच्या थोरवीने हा प्रश्न मिटत नाही. धर्माच्या नावाने सेवा करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती कोणत्याही धर्माची असो, तो स्वतःस विचारावा असाच आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. केडगावच्या मुक्तिसदनात विणकाम, शेती, छापखाना असे कामाचे कडक वेळापत्रक होते. नियम होतेच, किंबहुना भरपूर होते. परंतु ते प्रवेशाची अट नव्हते, आत आल्यानंतरची शिस्त होते. शेवटच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली त्यांचे निधन झाले.

त्या वसाहतीत समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांसाठी एक स्वतंत्र घर होते. फुलहॅममध्ये पडलेल्या प्रश्नाचे ते उत्तर होते. तेथे येणाऱ्या स्त्रीला आपली योग्यता सिद्ध करावी लागत नसे. तशी ती करता आली असती तर त्या घराची गरजच पडली नसती. शास्त्र्याच्या कन्येने, शास्त्राचा सारा व्याप पाहून झाल्यावर, त्या घराला नाव दिले ‘कृपासदन’.