दाखला कोणाच्या दारात अडतो? पेण-रोह्याहून आणलेला धडा
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी कापसाच्या भावावर बोलेन असे तुम्हाला वाटले असेल. त्यावर बोलणारे माझ्यानंतर आहेत. मी तुम्हाला आज रायगड जिल्ह्यात, पेण आणि रोह्याला नेणार आहे. तिथे कापूस नाही, ज्वारी नाही. खाली भाताची खाचरे, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. पाऊस आपल्या तिप्पट-चौपट. मग आमचा त्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. शेवटपर्यंत ऐका आणि मग सांगा.

कृषी पदवी घेऊन मी बाहेर पडलो, तेव्हा पहिले वर्ष त्या भागात काढले. एका योजनेत नाचणीचे बियाणे वाटायचे होते. एक कातकरी बाई दोन डोंगर उतरून आली. उतारावर रोप कसे लावायचे, कोणते वाण आधी निसवते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. पण फॉर्मवर सातबाऱ्याचा रकाना होता. मी सातबारा मागितला. ती म्हणाली, "दादा, सातबारा असता तर बियाणं मागाया कशाला आले असते?" मी फॉर्म परत केला. नियम माझा नव्हता, पण फॉर्म परत करणारा हात माझाच होता. ती नोकरी मी पुढे सोडली. त्याला अनेक कारणे होती, त्यातले एक हे.

कातकरी म्हणजे कोण? खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी, काथोडी. सरकारने महाराष्ट्रात तीन जमाती सर्वांत मागे पडलेल्या म्हणून वेगळ्या काढल्या आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. यवतमाळकडचे जे बसले आहेत, त्यांना कोलाम सांगायला नको. त्यांचे पोड तुमच्या शिवाराला लागून आहेत, तुमच्या कापसाच्या वेचणीला तेच येतात. कोलाम आणि कातकरी सरकारी यादीत एकाच ओळीत आहेत. म्हणून पेणची गोष्ट ही तुमच्या बांधावरची गोष्ट आहे.

आता ही साखळी बघा. दिवाळी झाली की कातकरी कुटुंब वीटभट्टीवर नाही तर कोळसाभट्टीवर निघते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीचा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो आणि वही वाचणारा वाडीत नसतो. आईबापांबरोबर पोरेही जातात. शाळा नोव्हेंबरात सुटते ती सुटतेच. शाळा नाही म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला नाही. तो नाही म्हणून जातीचा दाखला नाही. जातीचा दाखला नाही म्हणून वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही, नोकरीतली राखीव जागा नाही. हक्क सगळे छापलेले आहेत. फक्त पहिली पायरीच गायब आहे.

तुम्ही कुणबी दाखल्यासाठी किती फिरलात ते आठवा. इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. कोणी कोतवाल बुक काढले, कोणी आजोबांचा जुना सातबारा. अनुसूचित जमातीच्या माणसाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा दाखवावा लागतो. ज्याचा आजोबा शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, ज्याची वाडीच दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी, त्याने तो आणायचा कुठून? ज्याला सवलतीची गरज सर्वांत जास्त, त्याच्याकडे कागद सर्वांत कमी.

जमिनीचेही तसेच. रायगडात दळी नावाचा प्रकार आहे. इंग्रजांच्या काळात डोंगरउतारावरची वनजमीन नाचणी-वरी पिकवायला आदिवासींच्या गटाला दिली जाई. नाव लागे गटाच्या म्होरक्याचे. कसणारे दहा-वीस, कागदावर एक. पिढ्या गेल्या, कसणे चालू राहिले आणि कसणारा अतिक्रमणदार ठरला. २००८ साली २१ सप्टेंबरला पेण तालुक्यातल्या बावीस गावांत सेझबद्दल शेतकऱ्यांचे मत घेतले गेले. मोठी लढाई होती ती, आपल्यालाही अभिमान वाटावा अशी. पण मत विचारले ते खातेदाराचे. त्याच बांधावर राबणाऱ्या बिनसातबाऱ्याच्या माणसाला विचारायला कागदच नव्हता.

बंधूंनो, हा धडा त्या जिल्ह्याने एकदा सबंध देशाला दिला आहे. रायगडचे नाव तेव्हा कुलाबा होते. १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. ठराव दोन झाले, पण चवदार तळ्याच्या पाण्याला कोणी हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा ठरावाला जीव आला. तरी कोर्टकज्जा दहा वर्षे चालला आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये लागला. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये जे अंतर असते, ते संघटना तोडते.

पेण-रोह्याला ते अंतर तोडणारी माणसे आहेत. उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनाने दळीच्या आणि वनजमिनीच्या प्रश्नावर कातकऱ्यांना उभे केले. पेणला वैशाली पाटील यांचे अंकुर आहे. कर्जत तालुक्यात कशेळ्याला अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने वाड्यांच्या जागेच्या हक्कावर काम केले. सरकारी बाजूला पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आश्रमशाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्ती, घरकुल यांची कामे तिथून चालतात. जिथे संघटना कार्यालयाच्या पायरीवर बसते तिथे योजना वाडीपर्यंत पोचते. जिथे कोणी बसत नाही तिथे ती फायलीत झोपते.

आता कामाची माहिती. लिहून घ्या.

पहिली. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. दावा ग्रामसभेपुढे द्यायचा. गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब हाही त्यात पुरावा धरला जातो, हे विसरू नका. आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतो. लक्ष्मीमुक्तीत आपण आपल्या मनाने जे केले ते इथे कायद्यानेच लिहिले आहे.

दुसरी. आदिवासीची गेलेली जमीन. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी राज्याने १९७४ चा कायदा केला. त्यानंतर तर जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय असा व्यवहारच होत नाही. आपल्यापैकी कोणी असा व्यवहार करू पाहत असेल तर आधी आपल्याच माणसाला थांबवा.

तिसरी. दाखला अडला तर हात टेकू नका. कागद नसेल तिथे गृहचौकशीची मागणी करा. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की रूढी-परंपरांची चाचणी ही जमात ठरवण्याची एकमेव कसोटी नाही. अर्जाची पोच घ्या. मुदतीत काम झाले नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करा.

चौथी. वकिलाची फी नाही म्हणून गप्प बसू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही जातीच्या बाईला तिथे वकील फुकट मिळतो. म्हणजे आपल्या घरातल्या बाईलाही.

आता मनातली गोष्ट. तुमच्यातले पुष्कळ जण पारावर बोलतात, इथे बोलत नाहीत. ते म्हणतात, या राखीव जागांनी आमच्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या. मी तुमचाच आहे. माझा पुतण्या भरतीची परीक्षा देऊन देऊन थकला, मला ती चीड कळते. पण हिशोब नीट मांडू. जिल्हास्तरीय गट क आणि गट ड च्या पदांत अनुसूचित जमातीसाठी यवतमाळात १४ टक्के आणि रायगडात ९ टक्के जागा ठरल्या. त्यात कोलामाच्या पोडावरची किती पोरे पोचली? तुमच्या गावचे एक नाव सांगा. सांगता येत नाही. म्हणजे पोराची जागा कोलामाने खाल्लेली नाही. खाल्ली कोणी? वर्षानुवर्षे न भरलेल्या पदांनी आणि कंत्राटी भरतीने. आणि खोट्या दाखल्यांनीही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जमातीचा दावा अवैध ठरला तर नोकरी राहणार नाही. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने अशा कर्मचाऱ्यांसाठी अधिसंख्य पदांची सोय केली. ज्याचा दावा टिकला नाही त्याच्यासाठी पद निघाले. ज्याचा खरा आहे तो अजून १९५० चा कागद शोधतो आहे.

आणि राखीव जागा कोणा परक्याने आणलेली नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. त्यांच्या मागासलेल्यांत तुमचे-माझे पणजोबाही होते. आज दाराच्या आत आलो म्हणून दार लावून घ्यायचे काय?

आपण सरकारकडे भीक मागत नाही, घामाचे दाम मागतो. मग आपल्या कापसाला हात लावणाऱ्याच्या घामाचे काय? वेचणीची मजुरी देताना आपण भावाकडे बोट दाखवतो, तेव्हा तोही मनात म्हणत असेल, हा माझा व्यापारी.

म्हणून या बैठकीपुढे तीन कामे ठेवतो. प्रत्येक शाखेने आपल्या शिवारालगतच्या पोडावर, तांड्यावर, वस्तीवर जाऊन दाखला नसलेल्यांची यादी करावी. पुढच्या ग्रामसभेत दाखल्यांच्या शिबिराचा ठराव घ्यावा आणि त्या दिवशी आपली बैलगाडी, आपला ट्रॅक्टर माणसे आणायला द्यावा. आणि वेचणीच्या मजुरांची पोरे हंगामात शाळेत बसतील याची जबाबदारी ज्याचा कापूस त्याने घ्यावी.

ती नाचणीवाली बाई मला पुन्हा भेटली नाही. तिच्या फॉर्मचा तो रकाना मी भरू शकलो नाही. तुमच्या शेजारच्या पोडावर तसाच एक रकाना रिकामा आहे. तो भरायला पुण्या-मुंबईचे कोणी येणार नाही. आपणच जाऊ.

पुढच्या बैठकीला येताना भाषण नको, यादी घेऊन या.