हॅरी लींचं घर कुणी सावरलं?

आज एका अमेरिकन सेनानीची गोष्ट सांगतो. लढाया थोडक्यात सांगेन, घराविषयी जरा सविस्तर बोलेन.

हेन्री ली यांचा जन्म १७५६ चा, व्हर्जिनियातल्या जमीनदार घराण्यातला. स्वातंत्र्ययुद्धात ते घोडदळाचे अधिकारी होते. हालचाली इतक्या चपळ, की लोक त्यांना ‘लाइट-हॉर्स हॅरी’ म्हणू लागले. १७७९ मध्ये न्यूयॉर्कसमोरच्या पॉलस हुक या ब्रिटिश ठाण्यावर त्यांनी रात्री छापा घातला आणि दीडशेवर कैदी आणले. काँग्रेसनं त्यांना सुवर्णपदक दिलं. पुढे ते व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले, मग प्रतिनिधिगृहाचे सभासद. १७९९ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन वारले, तेव्हा काँग्रेसच्या वतीनं श्रद्धांजलीचं भाषण लींनीच केलं.

मी त्यांच्याविषयी वाचायला लागलो तो या भाषणामुळे. लक्षात राहिल्या मात्र दोन बायका.

लींना जमिनीच्या सट्ट्याचा नाद होता. पहिली पत्नी मटिल्डा ही स्ट्रॅटफर्ड हॉल या मोठ्या वाड्याची वारस. गुलामांच्या कष्टावर चालणारं हे सगळं वैभव. १७९० मध्ये मरण्यापूर्वी तिनं मालमत्ता मुलांसाठी विश्वस्तांच्या हाती सोपवली. नवऱ्याच्या सावकारांचा हात तिथवर पोहोचू नये, हा हेतू. दुसरी पत्नी अ‍ॅन कार्टर. तिच्या वडिलांनीही मृत्युपत्रात तशीच तजवीज केली. विचार करा, ज्याच्या हाती लोकांनी राज्य दिलं, त्याच्या हाती घरच्यांनी पैसा दिला नाही!

ते बरोबरच ठरलं. १८०९ मध्ये ली कर्जापायी तुरुंगात गेले. तिथे त्यांनी युद्धाच्या आठवणी लिहिल्या. १८१२ मध्ये बाल्टिमोरला, इंग्लंडशी नव्यानं सुरू झालेल्या युद्धाला विरोध करणाऱ्या एका संपादकाची पाठराखण करताना जमावानं त्यांना जबर मारलं. पुढच्या वर्षी ते वेस्ट इंडीजला गेले. १८१८ मध्ये परतताना वाटेतच, जॉर्जियातल्या कंबरलंड बेटावर वारले.

धाकट्या मुलांपैकी रॉबर्ट तेव्हा ११ वर्षांचा होता. आजारी आईची शुश्रूषा तो करी. अ‍ॅननं वडिलांकडून आलेल्या त्या राखीव उत्पन्नावर मुलं वाढवली. हाच रॉबर्ट ई. ली पुढे यादवी युद्धात, वडिलांनी ज्या संघराज्यासाठी आयुष्य वेचलं, त्याच्याच विरुद्ध दक्षिणेचा सेनापती झाला. वडिलांच्या त्या पुस्तकाची नवी आवृत्ती १८६९ मध्ये त्यानंच संपादित केली.

पदकावर नाव हॅरींचं आहे. पण मुलांच्या डोक्यावर छप्पर राहिलं, ते मटिल्डा आणि अ‍ॅनच्या माहेरच्या दूरदृष्टीमुळे. कुणा थोर पुरुषाचं चरित्र हाती आलं, की मी आता त्या घराचा हिशेब कोण ठेवत होतं, तेही शोधतो. तुम्हीही शोधून बघा.