कुत्र्यासमवेत शाळेत

मागच्या हिवाळ्यात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी पुन्हा एकदा शाळेत गेलो. सोबत आमचा तांबू होता. प्रवेश वस्तुतः त्याचा. मी केवळ पालक म्हणून जात आहे, अशी माझी समजूत होती.

तांबू हा गावठी कुत्रा. दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीच्या फाटकापाशी तो जखमी अवस्थेत सापडला आणि कन्येच्या हट्टाने घरात आला. दाराची घंटा वाजली की तो भुंकत दारावर झेप घेई. मी हात उगारला की पलंगाखाली दडे. एके सायंकाळी मी वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली, तेव्हा मात्र तो दडला नाही. तो उलटला, आणि मध्ये पडलेल्या मुलीच्या मनगटावर दाताचा ओरखडा उमटला. दवाखाना झाला, इंजेक्शने झाली. त्या रात्री पत्नी शांतपणे म्हणाली, “महिनाभर पाहू. नाहीतर त्याच्यासाठी दुसरे घर शोधा.”

म्हणून ही रविवार सकाळची शाळा. उद्यानाच्या एका कोपऱ्यात सहा कुत्रे, सहा मालक आणि एक तरुण शिक्षिका. तिने प्रत्येकाच्या हाती अंगठ्याएवढी एक डबी दिली. दाबली की ‘टक्’ असा आवाज. हिला क्लिकर म्हणतात. लहानपणी जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळत असे, त्याची ही धाकटी बहीण. ही तुलना माझी एकट्याची नव्हे. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1951 साली प्राणी कसे शिकवावेत यावर लेख लिहिला, त्यात अशाच आवाजाच्या खेळण्याची शिफारस आहे. पुढे 1960 च्या दशकात हवाई बेटांवर कॅरन प्रायर यांनी शिट्टीच्या साहाय्याने डॉल्फिन शिकवले. डॉल्फिनला साखळी बांधता येत नाही आणि छडीही मारता येत नाही; तो रागावला तर सरळ पोहत निघून जातो. कुत्र्याचे दुर्दैव असे की त्याला जाता येत नाही.

रीत सोपी आहे. आधी आवाज करावा आणि लगेच वाटाण्याएवढा पनीरचा तुकडा द्यावा. असे दहावीस वेळा झाले की आवाज म्हणजे खाऊ, हे कुत्र्याला उमगते. मग त्याने हवी ती गोष्ट केली की नेमक्या त्या क्षणी ‘टक्’ करावे. तो बसला आणि उठून दोन पावले चालल्यावर तुम्ही डबी दाबलीत, तर तुम्ही त्याला उठायला शिकवले! त्यासाठी आम्हा मालकांचीच परीक्षा झाली. शिक्षिका चेंडू सोडी आणि तो जमिनीला टेकताक्षणी आम्ही डबी दाबायची. मी सातत्याने उशिरा येत होतो. सरकारी सवय, दुसरे काय! आणखी एक घोटाळा भाषेचा. मी तांबूला “बस” म्हणालो की शेजारचे पंजाबी गृहस्थ आपला सराव थांबवीत. हिंदीत त्याचा अर्थ ‘पुरे’.

तिसऱ्या रविवारी कुत्रे झाडांना बांधून शिक्षिकेने मलाच पुढे बोलावले. मी दूर जाऊन उभा राहायचे, इतरांनी माझ्यासाठी एक कृती ठरवायची आणि ती मी न सांगता ओळखून करायची. पहिल्या खेपेस चूक झाली की सर्वांनी फक्त “ना” म्हणायचे. मी बाकाकडे वळलो. “ना.” फाटकाकडे वळलो. “ना.” हात वर केला. “ना.” पाचसहा नकारांनंतर मी मैदानाच्या मधोमध उभा राहिलो आणि हललोच नाही. कानशिले तापली. समोरच्या सज्जन मंडळींचा मला खराखुरा राग आला. दुसऱ्या खेपेस नकार नव्हता. योग्य दिशेने पाऊल पडले की ‘टक्’, एरवी शांतता. मिनिटभरात मी कडुनिंबाच्या बुंध्याला हात लावून उभा होतो आणि लहान मुलासारखा हसत होतो. वळून पाहिले तर तांबू कान टवकारून माझ्याकडे पाहत होता. मला त्याच्या नजरेला नजर देववेना.

घरी येऊन मी वर्तमानपत्राची गुंडाळी उलगडली. ती आता वाचण्यापुरतीच. घंटेचे काम मात्र सावकाश चालले. मुलगी बाहेरून अगदी हलकेच घंटा दाबी, आणि तांबू भुंकण्याआधी माझ्याकडे वळला की मी डबी दाबी. कधी जमे, कधी सगळे मुसळ केरात. महिना संपला तेव्हा पत्नीने मुदतीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

परवा टपालवाला आला. तांबू दोनदा भुंकला, थांबला आणि मान वळवून माझ्याकडे पाहू लागला. डबी कचेरीच्या कोटात राहिली होती. मी घाईघाईने जीभ टाळूला लावून ‘टक्’ असा आवाज केला आणि पनीर आणायला स्वयंपाकघराकडे धावलो.