नाव ठेवणारा कुठे उभा होता



पत्रिकेवर विषय छापलाय, 'एक जर्मन आडनाव आणि आपण'. जालन्यात बसून जर्मन आडनावाची उठाठेव कशाला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल. तर ते आडनाव आपल्याच जिल्ह्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी दहा हजारांहून जास्त पायदळ घेऊन उभं होतं. असईची लढाई आपण शाळेत शिकलो. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले एका बाजूला, आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला, एवढं लक्षात राहतं. पण शिंद्यांच्या कवायती पलटणी त्या दिवशी ज्याच्या हुकमाखाली होत्या तो माणूस होता अँथनी पोलमान, हॅनोव्हरकडचा जर्मन. ईस्ट इंडिया कंपनीने भाड्याने आणलेल्या हॅनोव्हरच्या पलटणीत तो सार्जंट होता, तिथून शिंद्यांच्या चाकरीत आला, असं इतिहासकार सांगतात. हत्तीवरून फिरायचा, थाटात राहायचा. असईत हरला आणि नंतर सरळ कंपनीच्याच चाकरीत गेला. त्या काळच्या सरदारांना यात काही वावगं वाटत नसे.

आता त्याचं आडनाव. उत्तर जर्मनीच्या बोलीत 'पोल' म्हणजे साचलेल्या पाण्याची जागा. स्वच्छ तळं नव्हे, डबकं, चिखलवट. 'मान' म्हणजे माणूस. आपल्याकडचा तळेकर म्हणा, फक्त तळं जरा गढूळ. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी शतकात, एका घराच्या पाठीमागे पाणी साचत असणार. गावात एकाच नावाचे चार हान्स असले की शेजारी विचारणार, कुठला हान्स? तर डबक्याकडचा. हे नाव कुणी हौसेनं घेतलेलं नाही. शेजाऱ्यांनी ठेवलेलं आहे. मराठीत 'नावं ठेवणं' या शब्दांना दुसराही अर्थ आहे. इथे दोन्ही अर्थ थोडे थोडे लागू पडत असावेत.

ही जमिनीवरून पडलेली आडनावं जर्मनीत उदंड आहेत. बाख म्हणजे ओढा. त्या आडनावाचा संगीतकार जगाला ठाऊक आहे. बाखमान म्हणजे ओढ्याकाठचा, काम्पमान म्हणजे कुंपण घातलेल्या वावरातला, ब्रिंकमान म्हणजे गवताळ चढावरचा. यांतली बरीच मंडळी वायव्य जर्मनीची, वेस्टफालिया आणि त्याच्या शेजारच्या मुलखातली. पोलमानही आज तिकडेच जास्त सापडतात. मात्र सगळे पोलमान एका डबक्याचे नाहीत. गावोगावी डबकी होती, तेव्हा गावोगावी पोलमान झाले, एकमेकांशी रक्ताचं नातं नसताना. शिवाय पूर्वेकडे, सायलेशियाच्या बाजूला, 'पोल' म्हणजे पोलंडकडून आलेला. तिथे पाण्याचा काही संबंध नाही. आडनाव एक आणि उगम दोन, म्हणून नुसत्या नावावरून कुळी सांगणाऱ्यांपासून सावध राहावं.

वेस्टफालियातली एक चाल तर आपल्याला ऐकूनच गंमत वाटेल. तिथे नाव माणसाचं कमी आणि शेतवाडीचं जास्त. मुलीला शेतवाडी मिळाली आणि जावई तिथे राहायला आला, की जावयाचं आडनाव बदलायचं. तो शेतवाडीचं नाव लावायचा आणि मुलंही तेच लावायची. आपल्याकडे घरजावई म्हटलं की चारचौघांत मान खाली जाते. तिकडे त्याचं आडनावसुद्धा घरजावई होतं! प्रशियाच्या सरकारने एकोणिसाव्या शतकात हा प्रकार हळूहळू मोडून काढला, कारण कारकुनाला एका माणसाची दोन नावं परवडत नाहीत. पुढे १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि जे नाव वहीत चढलं ते कायम झालं.

असईत समोर उभ्या असलेल्याचं आडनावही असंच मालमत्तेबरोबर आलेलं. आर्थर वेलस्लीच्या आजोबांचं मूळ आडनाव कॉली. १७२८ साली एका नातलगाची इस्टेट मिळाली, तेव्हा त्यांनी त्याचं वेस्ली हे आडनाव घेतलं. १७९८ साली घराण्याने त्याचं वेलस्ली केलं, जुनं आणि भारदस्त रूप म्हणून. तेही मुळात इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या एका जागेचं नाव. म्हणजे असईच्या रानात एक डबकेकर आणि एक सॉमरसेटकर समोरासमोर आले होते, असं म्हणायला हरकत नाही.

या लढाईत जमीन वाचता येण्याला किती मोल होतं, ते एका तपशिलातून दिसतं. वेलस्लीला केळना ओलांडायची होती. वाटाडे सांगत होते, इथे उतार नाही. त्याने पाहिलं तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वरूर अशी येतात. त्याने हिशेब केला, की इतकी जवळ दोन गावं असतील तर मधे उतार असणारच, माणसं एकमेकांकडे जात-येत असणारच. उतार निघाला. त्या दिवशी त्याच्या बाजूची पंधराशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, पण लढाई त्याने जिंकली. सोयऱ्याधायऱ्यांची पायवाट ओळखता आली म्हणून, असं मी म्हणेन.

आता आपल्याकडे वळतो. पोलमान आणि आपला '-कर' हे दोन्ही जमिनीचे. तरी माझ्या मते त्यांच्यात मोठा फरक आहे. पोलमान हे नाव गावातल्या माणसाने गावातल्या माणसाला ठेवलं. नाव ठेवणारा वेशीच्या आत उभा होता, म्हणून त्याला घरामागचं डबकं दिसलं. '-कर' मात्र वेशीबाहेरचा माणूस ठेवतो. परतूरमध्ये परतूरकर कोण असणार? सगळेच. परतूर सोडून हैदराबादला, पुण्याला, नागपूरला गेलात तर मग तुम्ही परतूरकर. होळ गाव सोडून बाहेर पराक्रम केला म्हणून होळकर. अंबडची बारव आणि मत्स्योदरीचं देऊळ पाहायला गेलात की अहिल्याबाईंचं नाव निघतंच, आणि त्या नावाबरोबर नीरेकाठचं ते छोटं होळही इथवर येतं. याउलट समर्थ रामदासांचं घराणं जांबचं आणि आडनाव ठोसर. ते देशभर फिरले, पण कुणी त्यांना जांबकर म्हटलं नाही. साधूला गाव नसतं असं म्हणतात, ते आडनावाच्या बाबतीत तरी खरं ठरलं.

गावाने माणूस ओळखण्याची ही रीत किती जुनी? त्यासाठी मला भोकरदनला जावं लागतं. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, असं अभ्यासक मानतात. १९७३ च्या सुमाराला तिथे उत्खनन झालं, सातवाहन काळाचं मोठं नगर हाती लागलं. सांचीच्या स्तूपावर दगडादगडावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. त्यांत भोगवढनहून आलेले दाते आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं शंभरावर कोस चालून गेली, पदरचे पैसे घातले आणि दगडावर नावाबरोबर गाव कोरवून घेतलं. आज देवळाच्या पायरीवर फरशी बसवणारा भक्त संगमरवरात हेच करतो. घरी, केळनेच्या काठी, त्यांना कुणी भोगवढनचा म्हणत नसणार.

मराठवाड्यात ही रीत अजून चालू आहे. परतूरमधून अनेकदा निवडून आलेले बबनराव लोणीकर घराण्याने यादव. लोणी हे गाव, त्यावरून लोणीकर. यादव पुष्कळ असतात, मतदाराला नेमका माणूस कळावा लागतो. नरहर कुरुंदकरांच्या आडनावात वसमतजवळचं कुरुंदा आहे. मराठवाड्याबाहेरही, कीर्तनकारांकडे बघा. निवृत्तीमहाराज देशमुख म्हटलं तर लोक विचारतील कोण, इंदुरीकर म्हटलं की मंडप भरतो.

पण या रीतीचं सगळ्यात ठसठशीत रूप मला तमाशाच्या फडावर दिसतं. कांताबाई सातारकर, यमुनाबाई वाईकर. या बायकांच्या नावात गाव आहे. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव पुढे करावं लागलं नाही. बाकी महाराष्ट्रात बाई लग्न करून येते आणि सासरच्या कुठल्या तरी पणजोबांच्या गावाचं नाव लावते. ते गाव तिने पाहिलेलंही नसतं, बहुधा नवऱ्यानेही नाही. फडावरच्या या बायकांचं गाव मात्र त्यांचं स्वतःचं. प्रतिष्ठित घरांनी ज्यांना दारात उभं केलं नाही, त्यांनाच आपल्या गावाचं नाव आपल्या बळावर मिरवता आलं. याचा विचार आडनावांवर लिहिणाऱ्यांनी फारसा केलेला नाही.

वेशीच्या आतली, पोलमानच्या जातीची नावंही आपल्याकडे आहेत. डोंगरे, टेकाळे, दराडे यांत डोंगर, टेकाड, दरड उघड दिसतात. मात्र इथे हात आखडता घेतलेला बरा. काळे म्हटलं की काळ्या रानाचे आणि पांढरे म्हटलं की गावठाणाच्या पांढरीतले, असं सांगणारे विद्वान मला भेटतात. असेलही. रंगावरूनही असेल. रोजच्या बोलण्यात तर आपण अजूनही हेच करतो, मळ्यातला किसन, वस्तीवरचा किसन, ओढ्याकडचा किसन. ही नावं वहीत चढत नाहीत, कारण वहीत चढायला भावकीचं आडनाव आधीच तयार असतं. जर्मनीत वही आली तेव्हा बोलण्यातली हीच नावं पिढ्यान्‌पिढ्या मुरून आडनावं झाली होती. आपला किसन मळ्यातच राहिला.

संख्येचा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे, हे मला फार मजेशीर वाटतं. जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारी आडनावं कोणती? म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी. सगळी धंद्याची. कारण गावोगावी लोहार एक असायचाच आणि त्याला एकच शब्द होता. जमिनीची नावं मात्र हजारो तऱ्हांची, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला घरं थोडी. आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, जोशी. गाव तिथे वतन, म्हणून हे अफाट. '-कर' वाल्यांची बेरीज केली तर प्रचंड होईल, पण एकेका '-कर'ची मंडळी एखाद्या लग्नाच्या पंगतीत मावतात.

त्यातही गाव एकटं नसतं. आपल्या जिल्ह्यात पिंपळगावं किती! एक कुंभार पिंपळगाव, एक पिंपळगाव रेणुकाई. जांबला समर्थ लावावं लागतं, सावंगीला घन. गावांनाच आडनावं लावायची पाळी आली! मग पुण्यात भेटलेला पिंपळगावकर कुठल्या पिंपळाखालचा हे त्यालाही सांगता येत नाही.

आणि आडनाव ही नुसती गमतीची गोष्ट उरलेली नाही. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं नाव देशभर गेलं. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायला. राजकारणात मी शिरत नाही. पण मोडीत आणि उर्दूत लिहिलेल्या जुन्या कागदांत माणूस शोधायचा, तर तिथे बरेचदा नाव असतं, बापाचं नाव असतं, गाव असतं आणि आडनाव नसतं. त्या काळच्या गावातल्या लिहिणाऱ्याला ते लिहायची गरजच वाटली नाही. तोही वेशीच्या आतच बसला होता, सगळ्यांना तोंडओळखीने ओळखत होता. त्याच्या त्या निवांतपणाची किंमत आज नातवंडं तहसीलच्या रांगेत उभी राहून मोजतात.

आपल्या एका गावाचं नाव तर थेट स्कॉटलंडला गेलं. असईत जिचं अतोनात नुकसान झालं त्या चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीला पुढे 'असई रेजिमेंट' म्हणू लागले आणि हत्तीचं बोधचिन्ह मिळालं. म्हणजे ते स्कॉच शिपाई असईकर झाले, एका दिवसाच्या मुक्कामावर. असईत जन्मून तिथेच राहिलेल्या माणसाला हे नाव कुणी देत नाही.

जाता जाता वर्तमानपत्रांविषयी. नवीन '-कर' आडनावं आता फारशी होत नाहीत. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला यांनी आडनाव एकदाचं बांधून टाकलं. भोकरदनचा मुलगा हिंजवडीत दहा वर्षं राहिला तरी भोकरदनकर होत नाही. पण मथळ्यांत '-कर' जिवंत आहे आणि तिथे तो उलटा झालाय. 'जालनेकर तहानलेले' असं छापून येतं, तेव्हा जालना सोडून गेलेला कुणी अभिप्रेत नसतो, इथेच राहून नळाची वाट बघणारा असतो. हा मथळा लिहिणारा उपसंपादक बहुधा दुसऱ्या शहरात बसलेला असतो. आता प्रश्न विचारायचे असतील तर विचारा. मात्र स्वतःच्या आडनावाचा अर्थ विचारू नका, तो तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारून या.