‘संप’ फुटतो म्हणजे काय फुटते?

(वरणगाव येथे गिरणीकामगारांपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एका शब्दाचा हिशेब मांडणार आहोत. शब्द दोन अक्षरांचा : संप. तुमच्या घरातल्या पोराबाळांनाही तो ठाऊक आहे. भोंगा वाजला तरी साचे उभे, म्हणजे संप. वर्तमानपत्रांनीही पिढ्यान्‌पिढ्या हाच अर्थ छापला. पण एवढाच अर्थ आहे काय?

आपल्या खान्देशातली हजारो माणसे तापीकाठची गाडी धरून सुरतेच्या कापडधंद्यात गेली आहेत. त्यांना विचारा. तिथला गुजराती माणूस ‘संप’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बंद साचा नसतो. त्याच्या भाषेत संप म्हणजे एकी, सलोखा. भाऊ-भाऊ गुण्यागोविंदाने नांदले, की त्यांच्यात संप आहे. काम बंद ठेवण्याला तो हडताळ म्हणतो. मराठीतही संप म्हणजे आधी एकमत, जूट. चौघांनी एका विचाराने ठरवले, हा संप. काम थांबले, हे त्याचे फळ. बातम्यांत फळ तेवढे राहिले, झाड कुठे गेले कोण जाणे!

बातमीत काय आले? इतके दिवस, इतके साचे, इतके नुकसान. काल जो ‘कामगार’ होता, तो आज ‘संपकरी’ झाला, आणि गोळी चालली की नुसता ‘जमाव’! पण भाषा मोठी खट. त्याच पत्रांत मथळा यायचा : ‘संप फुटला.’ आता सांगा, बंद पडलेले काम फुटते कसे? काम सुरू होते. फुटते ती जूट! जुना अर्थ मथळ्यातून असा डोकावतो.

हा अर्थ इतिहासातही दिसतो. नारायण मेघाजी लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेला ‘दीनबंधु’ त्यांनी १८८० साली मुंबईत चालवायला घेतला. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० ला रविवारची सुटी पदरात पडली. त्याच १८९० साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी संप केला. मागणी काय? मजुरी वाढवा? छे! विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, एवढेच. स्वतःची कमाई सोडून परक्या बाईच्या अब्रूसाठी जूट!

पुढे जुलै १९०८. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईचा गिरणीकामगार सहा दिवस रस्त्यावर उतरला. एका पैशाची मागणी नव्हती. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत काम बंद ठेवून कामगार फ्लोरा फाउंटनकडे निघाला, तो मराठी राज्यासाठी. त्याने तिथे गोळ्या झेलल्या. यांतल्या कशाचा हिशेब पगारपत्रकात बसतो?

पगारासाठीचा संप हलका, असे आम्ही म्हणत नाही. १९२८ साली मुंबईचा कामगार सहा महिने लढला, तो भाकरीसाठीच. पण त्याला टिकवले कुणी? जुटीने. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर ‘संपाने गिरण्या खाल्ल्या’ हे वाक्य इतके घोटले गेले, की आता कामगाराचा मुलगाही बापाच्या संपाबद्दल खाली मान घालून बोलतो. बाप एका विचाराने उभा राहिला होता, हे त्याला कुणी सांगायचे?

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. पेपरात ‘संप’ दिसला, की नुकसानीचा आकडा वाचाच. पण त्याबरोबर दोन प्रश्न विचारा. ही माणसे कोणत्या गोष्टीवर एक झाली? आणि संप फुटला असेल, तर तो फोडला कुणी? घरी पोरांना शब्दाचा अर्थ सांगताना काम बंद हे दुसऱ्यांदा सांगा. पहिल्यांदा सांगा : एकी.