निळ्या कोटातला ससा

१८६६ साली लंडनमधील एका सधन घराण्यात जन्मलेल्या बिएट्रिक्स पॉटर यांनी १८९३मध्ये आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला धाडलेल्या सचित्र पत्रातून पीटर नावाचा खट्याळ ससा अवतरला. परंतु प्रकाशकांनी या सशाच्या गोष्टीचे हस्तलिखित नामंजूर केल्यामुळे १९०१च्या डिसेंबरात त्यांनी पदरमोड करून अडीचशे प्रती छापविल्या, तेव्हा कुठे पुढील वर्षी फ्रेडरिक वॉर्न प्रकाशनसंस्थेची रंगीत आवृत्ती निघाली. हा ससा निळा कोट घालतो खरा, पण कोटाआतील देह अस्सल सशाचाच. कारण पाळीव प्राण्यांच्या आणि अळंब्यांच्या सूक्ष्म, जवळजवळ शास्त्रीय निरीक्षणातून पॉटर यांचा चित्रकाराचा हात घडला होता. १९०५मध्ये त्यांनी इंग्लंडच्या सरोवरप्रदेशातील (लेक डिस्ट्रिक्ट) हिल टॉप ही शेतवाडी खरेदी केली. उत्तरायुष्यात कुंचल्याहून हर्डविक जातीच्या मेंढ्याच त्यांना अधिक प्रिय झाल्या. १९४३मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा चार हजारांहून अधिक एकरांची मिळकत मृत्युपत्रान्वये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेली.